विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉईड : कोण कोणाचा नातेवाईक? जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी हे वाचा

बेळगाव : शहापूर भागात माझ्या एका मित्राचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, ऑनलाईन फॉर्म, बँकेची कागदपत्रं अशी सगळी कामं तिथं चालतात. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन. गेल्या ऑक्टोबरनंतर त्याच्या स्क्रीनवर सारखी एकच सूचना यायला लागली, की तुमच्या विंडोज १० चा सपोर्ट संपला आहे. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन बघितलं आणि सांगितलं, "यात विंडोज ११ बसत नाही. दोन्ही बदला. एकेकाला पस्तीस-चाळीस हजार धरा."

मित्र मला म्हणाला, "अरे, मशीन तर चांगलं चालतंय की! मग टाकायचं कशाला?"

मी कॉमर्सचा माणूस. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं नाही. पण बातम्या टाईप करून वीस वर्षं झाली, त्यामुळं विंडोज ९८ पासून सगळं हाताखालून गेलंय. मित्राचा प्रश्न मलाही रास्त वाटला. त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं, की विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉईड ही नावं आपण रोज ऐकतो, पण त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे कोणी सांगत नाही. ते नातं कळलं की अर्धे निर्णय आपोआप सोपे होतात. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक साधी गोष्ट : ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

जुन्या पेढीवर दिवाणजी असायचे. मालक गादीवर, गिऱ्हाईक समोर, माल गोदामात, पैसे तिजोरीत. कोणाला काय द्यायचं, तिजोरी कधी उघडायची, गोदामातला कुठला माल काढायचा, हे सगळं दिवाणजीच्या हातात. कॉम्प्युटरमध्ये हा दिवाणजी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. हार्ड डिस्क, मेमरी, प्रिंटर, इंटरनेट या सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्याकडं. टॅली असो की ब्राउजर, प्रत्येक प्रोग्रामला त्याच्याकडंच मागणी करावी लागते.

या दिवाणजीचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. स्क्रीनवर दिसणारी चित्रं, खिडक्या, मेनू हा झाला दुकानाचा काउंटर. काउंटर बदलला म्हणून दिवाणजी बदलत नाही. आणि उलटही घडतं. काउंटर हुबेहूब तसाच दिसतो, पण आत दिवाणजी भलताच असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

पहिलं घराणं : युनिक्स

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची सिस्टीम लिहायला घेतली. १९७३ मध्ये ती सी या भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळं ती एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेणं सोपं झालं. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती, कारण तेव्हा प्रत्येक कंपनीच्या मशीनला वेगळी सिस्टीम लागायची.

युनिक्स अमेरिकेतल्या विद्यापीठांत पोचली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठानं त्यात भर घालून आपली शाखा काढली, ती बीएसडी. इथून एक रेघ थेट आजच्या आयफोनपर्यंत येते, ती अशी. स्टीव्ह जॉब्स १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडले आणि त्यांनी नेक्स्ट नावाची कंपनी काढली. तिची सिस्टीम बीएसडीचा आधार घेऊन बनली होती. पुढं ॲपलनंच नेक्स्ट विकत घेतली, जॉब्स परत आले, आणि २००१ मध्ये त्याच पायावर मॅक ओएस टेन बाजारात आली. २००७ चा आयफोनही त्याच पायावर उभा राहिला. म्हणजे मॅक आणि आयफोन ही युनिक्सच्या बीएसडी शाखेची नातवंडं. सरळ वंशावळीतली.

लिनक्स : रक्ताचा नाही, पण घराण्याचा

लिनक्सची गोष्ट वेगळी. युनिक्स मालकी हक्कात अडकली होती, फुकट मिळत नव्हती. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं, की आपण युनिक्ससारखीच पण सगळ्यांसाठी खुली सिस्टीम लिहिणार. त्याचं नाव ग्नू. बरीचशी अवजारं तयार झाली, पण कर्नल काही पुरा होईना. म्हणजे दुकान सजलं, दिवाणजीचा पत्ता नाही.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं, हौस म्हणून आपण एक सिस्टीम लिहितोय, असं जाहीर केलं. तोच लिनक्स कर्नल. ग्नूची अवजारं आणि लिनक्सचा कर्नल एकत्र आले आणि पूर्ण सिस्टीम उभी राहिली.

लिनसनं युनिक्सचा कोड उचलला नाही. वागण्याची पद्धत मात्र युनिक्सची ठेवली. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावायला संगीताचं उदाहरण पुरे. पंडित भीमसेन जोशी आणि सवाई गंधर्व यांचं नातं गुरू-शिष्याचं, रक्ताचं नव्हे. पण गाणं किराणा घराण्याचं. तसंच लिनक्सचं. जन्मानं बाहेरचा, गायकी युनिक्सची. म्हणूनच मॅकवर टाईप करायच्या कितीतरी आज्ञा लिनक्सवर जशाच्या तशा चालतात.

कोड खुला असल्यामुळं लिनक्सची अनेक रूपं निघाली. १९९३ मध्ये डेबियन सुरू झाली. डेबियनवरून २००४ मध्ये उबुंटू आली आणि उबुंटूवरून लिनक्स मिंट. आपल्याकडं सी-डॅकनं काढलेली बॉस ही भारतीय सिस्टीमही डेबियनवरच उभी आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कॉम्प्युटर शिकतात ते लिनक्सवरच. पीठ तेच, कोणी भाकरी थापतं, कोणी थालीपीठ.

आणि अँड्रॉईड? त्याचाही कर्नल लिनक्सच. गूगलनं २००५ मध्ये अँड्रॉईड कंपनी घेतली, २००८ मध्ये पहिला फोन आला. वर दिसणारा काउंटर पूर्ण वेगळा, आत दिवाणजी लिनक्स. बटणांच्या जिओफोनमधल्या कायओएसमध्येही हाच कर्नल आहे. जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. तेव्हा "लिनक्स आपल्याला जमणार नाही" म्हणणाऱ्याच्या खिशातच बहुतेक वेळा लिनक्स असतो.

दुसरं घराणं : विंडोज, आणि त्यातले दोन दिवाणजी

विंडोजचं घराणं वेगळं आहे आणि त्यातही एक गंमत आहे. १९८१ मध्ये आयबीएमनं पर्सनल कॉम्प्युटर काढला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टनं सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली सिस्टीम विकत घेतली आणि ती एमएस-डॉस म्हणून दिली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरचा क्लास लावला त्यांना आठवत असेल. १९८५ मध्ये विंडोज आली ती या डॉसवर घातलेलं पांघरूण म्हणून. विंडोज ९५ आणि ९८ मध्येही खाली डॉसचा पाया शिल्लकच होता. म्हणून ती मशीनं उठसूट अडकायची आणि निळा पडदा दाखवायची.

दरम्यान मायक्रोसॉफ्टनं डेव्ह कटलर यांना डीईसी या कंपनीतून आणलं होतं. तिथं त्यांनी व्हीएमएस नावाच्या मोठ्या सिस्टीमवर काम केलं होतं. त्यांच्या हाताखाली अगदी नवा कर्नल तयार झाला, तो १९९३ चा विंडोज एनटी. सुरुवातीला तो ऑफिसं आणि सर्व्हरसाठी होता. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि घरातल्या कॉम्प्युटरवरही एनटीचा दिवाणजी बसला. डॉसचा वंश तिथं थांबला. एक्सपी, ७, १०, ११ ही सगळी एनटीचीच पोरं.

गाभ्यात विंडोज ही युनिक्सची नातेवाईक नाही. मात्र अलीकडं सोयरीक झाली आहे. विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०१६ पासून दिली. एकेकाळच्या भाऊबंदकीपेक्षा बरं म्हणायचं.

मग एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर का चालत नाही?

सीमाभागातल्या माणसाला हे सांगायला लागू नये! मराठीत लिहिलेला अर्ज घेऊन तुम्ही एखाद्या ऑफिसात गेलात आणि समोरचा म्हणाला, "कन्नडमध्ये आणा", तर अर्जातली मागणी चुकीची असते का? मागणी बरोबर, पण टेबलापलीकडं ती भाषा घेतली जात नाही. प्रोग्रामचंही तेच. विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम एनटीच्या भाषेत मागणी करतो. लिनक्सच्या दिवाणजीला ती भाषा येत नाही. वाईन नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर मध्ये बसून दुभाष्याचं काम करतं. काही प्रोग्राम त्यातून चांगले चालतात, काही अडखळतात, काही चालतच नाहीत. त्याच्या भरवशावर धंदा ठेवू नये.

सुदैवानं आता बरीच कामं ब्राउजरमधून होतात. भूमीच्या साईटवरून उतारा काढणं, वीजबिल भरणं, परीक्षेचा फॉर्म, ईमेल, रेल्वेचं तिकीट. या कामांना खाली कुठला दिवाणजी आहे याच्याशी बहुतेक वेळा देणंघेणं नसतं. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीकडं मिळतात.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

विंडोज १० ही जुलै २०१५ मध्ये आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नियमित सपोर्ट संपला. म्हणजे मशीन बंद पडत नाही. पण नवी भोकं सापडली तर ती बुजवली जात नाहीत. कुलूप तेच राहतं, फक्त चोरांना हळूहळू त्याच्या किल्ल्या मिळत जातात. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं एका वर्षाची जादा सुरक्षा-सोय जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते.

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीची बरीच मशीनं इथंच अडतात. प्रोसेसर चांगला पळत असला तरी यादीत नाही म्हणून नापास. मित्राच्या दोन्ही मशीनचं हेच झालं होतं.

कोणती सिस्टीम कोणाला?

आता मुद्द्याची गोष्ट. चांगली कोणती, असा प्रश्न विचारू नका. आपलं काम काय, असा विचारा.

टॅलीवर हिशेब असेल तर विंडोज. टॅली विंडोजसाठीच बनते. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपही लिनक्ससाठी मिळत नाहीत, त्यामुळं डीटीपी आणि फ्लेक्सवाल्यांनाही विंडोज सोडता येत नाही. डिजिटल सहीचं टोकन वापरणारे कंत्राटदार, कर सल्लागार यांनी टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे का हे आधी तपासावं.

मॅक टिकाऊ आहे, व्हिडिओ आणि छपाईच्या कामाला उत्तम. पण ती ॲपलच्याच मशीनबरोबर येते आणि खिशाला जड पडते. जुन्या पीसीवर टाकायची सोय म्हणून तिचा विचार करू नये.

लिनक्स कोणाला? ज्यांचं काम ब्राउजर, पत्रं, तक्ते, पीडीएफ, सिनेमा-गाणी एवढंच आहे त्यांना. विद्यार्थ्यांना, वाचनालयांना, शाळांना. लिनक्स मिंटला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ असेल तर बरं. पैसे लागत नाहीत. लिबर ऑफिस त्यातच येतं. एक भ्रम मात्र काढून टाका. लिनक्सला व्हायरसचा त्रास कमी होतो हे खरं, पण फोनवर ओटीपी विचारणारा भामटा तुमची सिस्टीम कुठली ते विचारत नाही.

मराठी टायपिंगचं काय? सीमाभागासाठी खास

खरी अडचण इथं आहे, आणि ती सिस्टीमची कमी, आपल्या जुन्या सवयीची जास्त. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल आतून मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा घालतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की मुखवटा पडतो आणि स्क्रीनवर कचरा दिसतो. वडोदऱ्याच्या किंवा इंदूरच्या मंडळाकडून आलेल्या स्मरणिकेच्या मजकुराचं असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या एका वाचकाचे वडिलांनी लिहिलेले लेख असेच अडकून पडले होते. फाईल होती, अक्षरं नव्हती.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. त्यामुळं युनिकोड मराठी विंडोज, लिनक्स, मॅक, फोन सगळीकडं सारखीच उघडते. पुढच्या पन्नास वर्षांत सिस्टीमी कितीही बदलोत, युनिकोडमधला मजकूर वाचता येईल. म्हणून जुन्या फॉन्टमधल्या महत्त्वाच्या फाईली, संस्थांची इतिवृत्तं, दाखले, लेख, वेळ आहे तोवर युनिकोडमध्ये करून घ्या. रूपांतर झाल्यावर एकदा डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

आणखी एक फायदा. इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कीबोर्ड सगळ्या सिस्टीममध्ये आयता मिळतो, आणि त्यात भारतीय लिप्यांची रचना एकसारखी आहे. मराठीचा क ज्या कळीवर, कन्नडचाही त्याच कळीवर. म्हणजे एकदा बोटं बसली की बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मुलांना दोन्ही भाषांचं टायपिंग एकाच मेहनतीत येतं. इथल्या नोकरीत ते उपयोगी पडतं, हे वेगळं सांगायला नको.

मित्राच्या दुकानात काय झालं

आम्ही दोन्ही मशीनची कामं कागदावर लिहून काढली. एकावर ऑनलाईन फॉर्म, स्कॅनिंग, प्रिंट. दुसऱ्यावर टॅली, कोरल आणि जुनी मराठी सॉफ्टवेअर.

पहिल्या मशीनसाठी लिनक्स मिंट अधिकृत साईटवरून उतरवून पेनड्राईव्हवर घेतली. तिची मोठी सोय अशी, की मशीनमध्ये न टाकता पेनड्राईव्हवरूनच चालवून बघता येते. दोन दिवस तसंच चालवलं. इंटरनेट आलं, आवाज आला, प्रिंट निघाली, स्कॅनर मात्र रुसला. एक पूर्ण दुपार त्यात गेली, गिऱ्हाईकं ताटकळली आणि मित्रानं मला चार शब्द सुनावले. कंपनीच्या साईटवर लिनक्सचा ड्रायव्हर मिळाला तेव्हा सुटलो. मग सगळ्या फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती उघडून तपासली, आणि नंतरच मिंट कायमची टाकली. हा क्रम चुकवू नका. सिस्टीम टाकताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते आणि गेलेला डेटा रडून परत येत नाही.

दुसरं मशीन विंडोज १० वरच ठेवलं. जादा वर्षाची नोंदणी केली, त्यावर बँकेचं काम आणि इंटरनेटवर भटकणं बंद केलं, टॅलीचा बॅकअप रोज. वर्षभरात पैसे जमवून तेवढं एकच मशीन बदलायचं ठरलं. दोन मशीनचा खर्च एकावर आला.

परवा दुकानात गेलो तर एक मावशी नातीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरून घेत होत्या. मिंटवरच. मी मुद्दाम विचारलं, "मावशी, कॉम्प्युटर नवीन आहे, कळलं का?" त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय रे, फॉर्म गेला की झालं."

कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर मशीन ही मालमत्ता आहे, तिचा घसारा आपण ठरवायचा, दुकानदारानं नव्हे. तुमच्याकडंही अशी सूचना येत असेल तर घाबरून खरेदीला धावू नका. आधी एक कागद घ्या, त्या मशीनवर होणारी कामं लिहा, प्रत्येक कामासमोर त्याला लागणारा प्रोग्राम लिहा. यादीत विंडोजशिवाय न चालणारं काही नसेल, तर ते मशीन आणखी काही वर्षं तुमची सेवा करायला तयार आहे.